बेट की काठ? वैनगंगेवरील कॅनो सफरीतील एका मुक्कामाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातले आहे. दोन मित्र दोन माणसांच्या कॅनोतून वैनगंगेवर चार दिवसांच्या सफरीला निघाले आणि दुसऱ्या रात्री नदीतल्या रेतीच्या बेटावर पाण्यात अडकले. जीव गेला नाही, कोणाला इजाही झाली नाही. तरीही हे सविस्तर मांडायचे, कारण मुक्काम कुठे टाकायचा या एकाच निर्णयावर पुढचे सगळे अवलंबून होते, आणि या नदीवर तो प्रश्न प्रत्येक संध्याकाळी उभा राहतो. ओळख पटू नये म्हणून दोघांचा उल्लेख मास्तर आणि मेकॅनिक असा केला आहे. काठावरच्या गावाचे नाव गाळले आहे.

पार्श्वभूमी

मास्तर चाळिशीतले, तालुक्याच्या गावी शिकवतात. तलावावर कॅनो चालवण्याचा त्यांना चांगला सराव होता. मेकॅनिकचे मोटारपंप दुरुस्तीचे दुकान आहे. पोहण्यात तो पक्का, हाताने कामसू, पण वाहत्या पाण्यावर पहिल्यांदाच उतरत होता. दोघे शाळेपासूनचे मित्र.

आखलेला मार्ग असा: वडशाच्या पुलाजवळ उतरायचे, आरमोरीचा पूल पार करून दक्षिणेकडे जायचे, चामोर्शी तालुक्यातल्या चिचडोह बॅरेजच्या बऱ्याच अलीकडे बोट बाहेर काढायची आणि मार्कंड्याला रस्त्याने जायचे. या टप्प्यात डावा काठ गडचिरोली जिल्ह्याचा आणि उजवा चंद्रपूर जिल्ह्याचा. संथ पाण्यात दोघांनी वल्हवले तर ताशी ४ ते ५ किमी होतात. थांबे, उथळ जागी बोट ओढणे आणि जेवण धरून दिवसाला २० ते २२ किमी असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबरच होता.

महिना निवडताना दोघांनी बराच विचार केला. डिसेंबरनंतर पात्रात रेती उघडी पडते, धार दोन-तीन फाट्यांत विभागते आणि भरलेली बोट पुन्हा पुन्हा ओढावी लागते. पावसाळ्यात तर या नदीवर हौशी माणसाने उतरूच नये. उरतात ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. त्यातला ऑक्टोबर त्यांनी घेतला, कारण पाणी भरपूर आणि दिवाळीच्या सुट्ट्या. पण ऑक्टोबरची एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. त्या वेळी धरणे भरलेली असतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन दोन दिवस पाऊस झाला, तर येणारे पाणी साठवायला जागा नसते आणि ते सोडावेच लागते. वर पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे, त्याला ३३ दरवाजे आहेत. शिवाय गाढवी नदी इटियाडोह धरणाकडून येऊन वैनगंगेलाच मिळते. पाऊस शिवनी, बालाघाट, गोंदियात पडतो, आणि वडशाला आभाळ स्वच्छ असताना नदी चढते.

बोट आणि सामान

बोट १६ फुटी, फायबरची, उघडी, सुमारे ३२ किलो वजनाची. सामानाची निवड चांगली होती: तोंडाला लोखंडी कडी असलेले ४० लिटरचे दोन निळे ड्रम (एकात शिधा, एकात कपडे आणि पांघरुणे), २० लिटरची पाण्याची कॅन, छोटा गॅस, दोन लाइफ जॅकेट, दोन शिट्ट्या, डोक्याला बांधायच्या दोन बॅटऱ्या, तीन वल्ही आणि ८ मिमी जाडीची १५ मीटर नायलॉन दोरी. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला ४ लिटर, स्वयंपाकासह. म्हणजे चार दिवसांचे ३२ लिटर. कॅनमध्ये २० न्यायचे आणि वाटेत गावातल्या बोरिंगवर भरून घ्यायचे.

कमी पडली ती दोरी. एकच होती, आणि तिचे दुसरे टोक कशाला बांधायचे याचा विचार झालेला नव्हता.

निघण्यापूर्वी त्यांनी एका पोलीस ठाण्यात लेखी कळवले होते, ते योग्य केले. या भागात अनोळखी माणसे अनोळखी बोट घेऊन नदीत दिसली की चौकशी होणारच. वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयाला मात्र कळवले नव्हते. कळवले असते, तर कोणत्या काठाला वाघाचा वावर आहे हे त्या आठवड्यापुरते तरी समजले असते.

अडचण नेमकी कोणती

पहिली रात्र एका गावच्या देवळात सुखात गेली. दुसऱ्या दिवशी आरमोरीच्या पुढे त्यांचा वेळ गेला तो जाळ्यांमुळे. मासेमारी करणारे ढिवर बांधव धारेत आडवी जाळी लावतात. वर तरंगायला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या असतात, आणि उन्हाची तिरीप पाण्यावर असेल तर त्या १० मीटरवर येईपर्यंत दिसत नाहीत. प्रत्येक जाळ्याला वळसा घालायचा म्हणजे कधी उथळात उतरणे आले. रेतीघाटाजवळ हे उतरणेही जपून करावे लागते, कारण उपशाच्या खड्ड्यात गुडघाभर पाण्यातून पुढच्या पावलाला माणूस डोक्यापर्यंत जातो. दोघे वल्ह्याने तळ चाचपत चालले. काम बरोबर केले, पण तास-दीड तास त्यात गेला.

साडेतीनच्या सुमारास ते डाव्या काठावरच्या एका घाटाला लागले. तिथे जाळे विणत बसलेल्या एका वयस्क ढिवर काकांनी विचारपूस केली आणि म्हणाले, "सर, आता पुढे नका जाऊ जी. समाजमंदिर रिकामं आहे, तिथंच झोपा. बेटावर तर झोपूच नका. वरून पानी सोडलं की रात्री समजत नाही." मास्तरांनी आभार मानले, काकांचा मोबाईल नंबर घेतला आणि दिवसाचे राहिलेले ४-५ किमी उरकायचे म्हणून बोट पुढे काढली.

या प्रकरणातला हा पहिला निर्णयबिंदू, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. दिवसभरात मागे पडलेले अंतर भरून काढण्याची घाई माणसाला अशा वेळी चांगला मुक्काम सोडायला लावते. अंतर दुसऱ्या दिवशीही भरून निघते. सूर्य पावणेसहाच्या आत मावळणार होता, आणि पुढे काठ जंगलाचा होता.

संध्याकाळी समोर असलेले पर्याय

सव्वापाचला ते थांबले तेव्हा तीन पर्याय होते.

पहिला, डाव्या काठावर तंबू. काठ उंच, पाण्याची भीती नाही. पण वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी हा सगळा पट्टा वाघांचा. २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही याच भागात फिरतो आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम आणि जाळ करता येत नाही, ते वेगळेच. आणखी एक धोका शहरातून आलेल्यांच्या लक्षात येत नाही: धान निसवून पिकायला आलेला असतो, रानडुकरे रात्री बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत शिरतात, आणि काही ठिकाणी बेकायदा तारेत करंट सोडलेला असतो. अंधारात बांधावरून चालणे म्हणजे त्या तारेवर पाय पडण्याची शक्यता.

दुसरा, मागे त्या गावाकडे. धारेविरुद्ध ४ किमी म्हणजे दीड तासाच्या वर, आणि शेवटचा तास अंधारात जाळ्यांमधून.

तिसरा, पात्रातले रेतीचे बेट. मोकळे, स्वच्छ, चारी बाजूंनी पाणी असल्याने जनावराची भीती कमी. बेट आणि डावा काठ यांमध्ये सुमारे ६० मीटर रुंदीचा गुडघाभर फाटा.

त्यांनी बेट निवडले. वाघाची भीती खरी होती, म्हणून निवड समजण्यासारखी आहे. पण काठावरचा धोका त्यांना दिसत होता, नदीचा दिसत नव्हता. खरे तर चौथा पर्यायही होता: काकांना फोन करून काठाने गाडी किंवा डोंगा (लाकडी होडी) मागवणे. नंबर खिशात होता. बॅटरी वाचवण्यासाठी दोघांचेही फोन दुपारपासून बंद होते, आणि त्याच दुपारी वरून पाणी सोडणार असल्याचा इशारा नदीकाठच्या गावांना पोचला होता. काकांच्या गावात संध्याकाळी दवंडीही झाली. इशारा व्यवस्थित दिला गेला होता. तो ऐकणाऱ्यांत हे दोघे नव्हते.

बेटावरची मांडणी

तंबू पाण्याच्या कडेपासून १२ मीटरवर लावला. हे अंतर पुरेसे वाटते, पण रेतीच्या बेटावर अंतराला अर्थ नसतो, उंचीला असतो. त्या बेटाचा उतार ४० ला १ असा होता, म्हणजे १२ मीटर आत गेले तरी उंची फक्त ३० सेंमी. नदी एक फूट चढली की पाणी अंथरुणात. बेटाच्या मध्यभागी झुडपांचा एक उंचवटा होता, संध्याकाळच्या पाण्यापेक्षा ८० सेंमी उंच. झुडपांच्या मुळांत मागच्या पुराची काटकी आणि शेवाळ अडकलेले होते, म्हणजे तिथवरही पाणी येत असल्याची खूण समोरच होती. जमीन ओबडधोबड म्हणून त्यांनी तिथे तंबू लावला नाही.

बोट पाच-सहा पावले वर ओढली आणि नाकाची दोरी रेतीत रोवलेल्या वल्ह्याला बांधली. कोरड्या रेतीत वल्हे घट्ट बसते. तीच रेती पाण्याने भरली की तिची पकड सुटते आणि खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी वर येते. ३२ किलोची रिकामी कॅनो तरंगायला दोन-तीन बोटे पाणी पुरते.

मेकॅनिकने पाण्याच्या कडेला बांबूची कमची रोवली आणि पाण्याच्या रेषेवर काळ्या टेपची पट्टी गुंडाळली. कल्पना उत्तम. रात्री ९ ला पाहिले, पाणी पट्टीवरच. दोघे निश्चिंत झोपले. पण कमची आतापर्यंत काय झाले ते सांगते, पुढे काय येणार ते नाही. धरणातून सुटलेला फुगवटा ताशी ६ किमीने सरकतो असे धरले आणि अंतर ७० किमी असले, तर दुपारी सुटलेले पाणी मध्यरात्रीनंतर पोचते. ९ वाजता नदी शांत असणे हा कसलाच पुरावा नव्हता.

रात्री काय घडले

१ वाजून २० मिनिटांनी मास्तर पाठीखालच्या गारव्याने जागे झाले. तंबूत पाणी आले होते. बॅटरी मारली तर बोट जागेवर नव्हती, शिध्याचा ड्रम आणि रोवलेले वल्हेही नव्हते.

मास्तर बोटीच्या दिशेने निघाले, तेव्हा मेकॅनिकने त्यांचा दंड धरला. "थांब गा, पाण्यात पाय टाकू नको. बोट गेली तर गेली." हा दुसरा निर्णयबिंदू, आणि तो अचूक होता. अंधारात वाहत्या बोटीमागे जाणाऱ्याच्या हाती बोट लागतेच असे नाही, आणि सोबत्यापासून मात्र तो नक्की तुटतो.

दोघांनी उशाला घेतलेली लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळले. फोन, शिट्ट्या, बॅटऱ्या, कपड्यांचा ड्रम आणि अर्धी कॅन घेऊन ते उंचवट्यावर गेले. तंबूचे ओझे सोडून दिले. १:४० ला उंचवट्याचा माथा पाण्यापेक्षा ४० सेंमी वर होता.

आता तिथेच थांबायचे की फाटा ओलांडून काठ गाठायचा, हा तिसरा निर्णयबिंदू होता. संध्याकाळचा गुडघाभर फाटा आता मांड्यांच्या वर, जवळपास कमरेला लागला होता आणि ओढ वाढली होती. गुडघ्याच्या वर वेगाने वाहणारे पाणी पायी ओलांडू नये, कारण पाय उचलला की धार माणसाला फिरवते. पाय खडकात किंवा मुळात अडकला तर तीच धार त्याला पालथे पाडते. पलीकडे गेल्यावर अंधार, जंगल आणि ते बांध.

त्यांनी थांबायचे ठरवले, पण नुसते थांबले नाहीत, हद्द ठरवून थांबले. उरलेल्या दोनपैकी एका वल्ह्याचा दांडा पाण्यात रोवून मेकॅनिकने त्यावर टेपच्या पट्ट्या मारल्या. दर २० मिनिटांनी वाचायचे. माथा आणि पाणी यांतले अंतर एक वीत, म्हणजे २० सेंमी राहिले, तर कपड्यांचा ड्रम मध्ये धरून दोघांनी एकत्र पाण्यात उतरायचे. उभे न राहता, पाय पुढे ठेवून, धारेसोबत तिरके काठाकडे जायचे. दोरी कमरेला बांधायची नाही. तोवर हलायचे नाही.

नोंदी अशा: २ वाजता ३४ सेंमी, २:२० ला २९, २:४० ला २६, ३ वाजता २५. त्यानंतर ४:३० पर्यंत २५च. नदी एकूण ५५ सेंमी चढली. आकडे कमी होत होते, पण प्रत्येक वेळी कमी होण्याचा वेग मंदावत होता, आणि हे दांड्यावर दिसत असल्यामुळेच दोघे घाबरून पाण्यात उतरले नाहीत.

२:०५ ला काकांना फोन लागला. ते म्हणाले, "हलू नका. उजेडल्यावर डोंगा घेऊन येतो. पोलीस पाटलाले सांगतो मी." नंतर ११२ वर कळवले. अंधारात जाळी आणि वाहती झाडे यांमधून डोंगा काढणे काकांनी नाकारले, ते योग्यच. ओले कपडे काढून ड्रममधले कोरडे घातले आणि एका चादरीत पाठीला पाठ लावून बसले. ऑक्टोबरची रात्र फार थंड नसते, पण ओल्या अंगाने वाऱ्यात चार तास बसले की हात वल्हे धरण्याइतकेही चालत नाहीत. कपड्यांचा ड्रम वाचला याचा फार उपयोग झाला.

निष्पत्ती

साडेसहाला काका आणि त्यांचा पुतण्या डोंगा घेऊन आले. त्यांनी बेटाला थेट रेषेत न येता वरच्या अंगाला दोनशे पावले जाऊन मग धारेसोबत तिरका डोंगा सोडला आणि बेटाच्या खालच्या टोकाला, जिथे पाणी मंद होते, तिथे लावला. दोघांना एकेक करून बसवले, डोंग्याच्या तळाशी.

बोट नऊच्या सुमारास ३ किमी खाली एका जाळ्यात अडकलेली सापडली. तळाला ४० सेंमीची चीर. जाळे फाटले होते. जाळ्याचे आणि काका-पुतण्यांच्या बुडालेल्या दिवसाचे मिळून साडेतीन हजार रुपये दिले गेले. रक्कम काकांनी मागितली नव्हती, पोलीस पाटलांसमोर बोलून ठरली. शिध्याचा ड्रम काठाला लागला होता, आतले तांदूळ कोरडे. तंबू आणि एक वल्हे गेले. बोट छोट्या हत्तीवर (लहान मालवाहू गाडीवर) टाकून आरमोरीला नेली आणि सफर तिथे थांबवली.

चिरेची दुरुस्ती मेकॅनिकने घरी केली: चिरेभोवती ५ सेंमीपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणे, दोन दिवस सावलीत पूर्ण सुकवणे, मग ग्लास मॅटचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. घाईत ओल्या फायबरवर रेझिन लावले तर ठिगळ पुढच्या खेपेला सोलून निघते.

वेगळे काय करता आले असते

रात्रीची गावे आधी ठरवायची आणि त्यावरून दिवसाचे अंतर बेतायचे, उलट नाही. या टप्प्यात दर काही किलोमीटरवर घाट आणि घाटाला गाव आहे. साडेतीनला गाव दिसले की दिवस संपला असे धरावे. निघण्याच्या आठवडाभर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांशी बोलून ठेवले, तर समाजमंदिराची किल्ली मिळायला अडचण येत नाही.

फोन बंद ठेवण्याने काय वाचले? दोन फोन आणि एक पॉवर बँक असताना एक फोन दुपारी ४ ला आणि संध्याकाळी ७ ला दहा-दहा मिनिटे चालू ठेवला असता, तर इशारा कळला असता. त्याहून सोपे म्हणजे झोपण्यापूर्वी वरच्या अंगाच्या गावातल्या एका माणसाला फोन: पाणी सोडल्याची दवंडी आहे का?

बेट टाळताच आले नाही, तर तंबू उंचवट्यावर, जमीन कितीही वाकडी असली तरी. बोट तंबूच्या शेजारी, पालथी, दोन दोऱ्यांनी बांधलेली: एक झुडपाच्या बुंध्याला, दुसरी रेतीने भरलेल्या पोत्याला, आणि ते पोते दोन फूट खोल आडवे पुरलेले. पुरलेले पोते ओल्या रेतीतही खुंटीसारखे उपटत नाही. सगळी वल्ही बोटीखाली. कमची रोवायचीच, पण ११ आणि १ चा गजर लावून. स्पष्ट सांगायचे तर जुलै ते ऑक्टोबरअखेर गोसीखुर्दच्या खाली बेटावर झोपूच नये, आणि नोव्हेंबरातही वर पाऊस झाल्याची बातमी असेल तर नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला निघाले असते तर? पाणी कमी, बोट जास्त वेळा ओढावी लागली असती, आणि चिचडोहचे दरवाजे पावसाळ्यानंतर बंद केलेले असल्याने शेवटचा पट्टा साचलेल्या पाण्यात, कदाचित समोरच्या वाऱ्यात वल्हवावा लागला असता. त्यासाठी एक दिवस वाढवला असता तर चालले असते.

आणि पैशांचे. गावात मुक्काम करताना शिधा आपला न्यावा, बोरिंगचे पाणी विचारून भरावे. डोंगा लागला तर रोज किती, हे मुक्कामाला पोचल्यावरच ठरवून ठेवावे. पहाटे मदतीला निघालेला माणूस पैशांचे बोलत नाही, पण त्याच वेळी त्याची लावलेली जाळी न काढता पाण्यात पडून राहिलेली असतात.